हायड्रोपोनिक लेट्यूस आणि मित्रबुरशी: कोणती, केव्हा आणि कुठे द्यायची

प्रश्न: इंदूरला सुदामानगरात आमच्या गच्चीवर मी एनएफटी पद्धतीनं (मातीशिवाय, पाइपांतून खतपाण्याचा पातळ प्रवाह फिरवून) लेट्यूस घेते. हिवाळ्यात पीक छान आलं. होळीनंतर मात्र मुळं तपकिरी पडली आणि रोपं भर दुपारी माना टाकायला लागली. दुकानदारानं मायकोरायझाची (मुळांत राहणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर दिली, ‘गुळाच्या पाण्यात भिजवून टाकीत सोडा’ म्हणाला. तसं केलं, तर आठवड्यात टाकीत फेस आला आणि पाइपांना आतून चिकट थर बसला. उपयोगी बुरशी खरंच लागू पडते का? पडत असेल तर कोणती आणि कशी द्यायची?

उत्तर:

ताई, लागू पडते. पण तुम्हाला दिली गेली ती बुरशी या कामाची नव्हती, टाकी ही ती देण्याची जागा नव्हती आणि गूळ तर नकोच होता. तिन्ही गोष्टी सविस्तर सांगतो. त्याआधी तुमच्या मुळांना काय झालं ते पाहू, कारण रोग ओळखल्याशिवाय कुठलंही पाकीट फोडण्यात अर्थ नाही.

दुपारी माना टाकायच्या, संध्याकाळी थोडं सावरायचं आणि मुळं तपकिरी व बुळबुळीत होत जायची, ही पिथियम या मुळं कुजवणाऱ्या रोगजंतूची लक्षणं आहेत. खात्री करायची असेल तर एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. बाहेरची साल सुटून हातात आली आणि मधली बारीक शीर तेवढी उरली, तर ती कूज आहे. मुळं नुसती पिवळट-तपकिरी दिसतात, पण ताठ आहेत आणि त्यांना वास नाही, असं असेल तर तो कोकोपीटमधल्या टॅनिनचा डाग असतो आणि त्याला काही करावं लागत नाही. उलटी चूकही पुष्कळ जण करतात. एनएफटीच्या ओलसर हवेत निरोगी मुळांवर पांढरी लव येते. ती मूळरोमांची असते. तिला बुरशी समजून लोक औषध मारतात आणि चांगली मुळं गमावतात.

पिथियमला आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबानं तो ऊमायसीट आहे. खऱ्या बुरशीपेक्षा त्याचं नातं तपकिरी शैवालांशी जवळचं. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं, आणि त्याचे चलबीजाणू पाण्यात चक्क पोहतात. फिरत्या पाण्याच्या पद्धतीत एका रोपाचा रोग दुसऱ्या दिवशी पूर्ण रांगेत पोहोचतो तो यामुळेच. कार्बेन्डाझिमसारखं नेहमीचं बुरशीनाशक याच्यावर चालत नाही त्याचं कारणही हेच. आणि चालत असतं तरी कच्च्या खायच्या पानाच्या पाण्यात मी ते कधीच घालू दिलं नसतं.

हा पिथियम होळीनंतरच का उठला, याचं उत्तर तुमच्या टाकीच्या तापमानात आहे. वीस अंशाच्या स्वच्छ पाण्यात प्रतिलिटर साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला ७.६ आणि पस्तीसला ६.९. म्हणजे पाणी तापतं तसा प्राणवायू घटतो, आणि नेमकी त्याच वेळी मुळांची श्वसनाची गरज वाढलेली असते. मुळं गुदमरली की त्यांच्यातून साखर आणि अमिनो आम्लं पाझरतात, आणि त्या वासावर चलबीजाणू येतात. गरम पाण्यात फोफावणारा पिथियम अफॅनिडर्मेटम तर तीस अंशाच्या वरही मजेत वाढतो. माळव्याच्या रात्री निमाडपेक्षा गार असतात खऱ्या, पण एप्रिलमध्ये गच्चीवरची काळी टाकी दिवसभरात जी तापते ती रात्रीत पुरती निवत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह बुरशीचा नाही, टाकीचा आहे. ती गच्चीवरून खाली आणा. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे ठेवा. मोटर थोडी मोठी लागेल, ती लावा. पाइपांना पांढरा रंग द्या, टाकीत एअर स्टोन सोडा, परतीचं पाणी उंचावरून पडू द्या. द्रावण चोवीस अंशांच्या खाली राहिलं तर निम्मी लढाई जिंकलात. अठ्ठावीसच्या वर सतत राहत असेल तर जगातली कुठलीही मित्रबुरशी तुमचं लेट्यूस वाचवू शकणार नाही, आणि हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं.

आता मायकोरायझा. इंदूरच्या माणसाला या विषयाचा थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम करून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. आपलं कृषी महाविद्यालय आज त्याच जागी आहे. पुढे १९३०च्या दशकात हेच हॉवर्ड मायकोरायझाचे खंदे पुरस्कर्ते झाले. कंपोस्टवर पोसलेल्या जमिनीत मुळं आणि बुरशी यांचं साहचर्य चांगलं जमतं, हे त्यांनी हिरिरीनं मांडलं. जमिनीच्या बाबतीत ते आजही खरं आहे. मायकोरायझाचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरच्या मातीत शिरतात, तिथला घट्ट धरून ठेवलेला फॉस्फरस आणून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. लेट्यूस हे पीक या बुरशीला आनंदानं घरात घेतं. स्पेनमधल्या नावारा विद्यापीठात हरितगृहातल्या कुंड्यांवर झालेल्या कामात मायकोरायझा लावलेल्या लेट्यूसच्या पानांत काही पोषक घटक वाढल्याचं दिसलं. ते २०११ साली प्रसिद्ध झालं. दुकानदार बहुधा अशाच बातमीच्या आधारावर पाकीट विकतात.

पण त्या कुंड्या होत्या, तुमच्याकडे एनएफटी आहे. तुमच्या द्रावणात प्रतिलिटर तीस ते पन्नास मिलिग्रॅम फॉस्फरस विरघळलेल्या रूपात मुळांवरून अहोरात्र वाहतो आहे. जे दारात आयतं येतंय त्यासाठी झाड भाडेकरू कशाला ठेवील? फॉस्फरस भरपूर मिळाला की झाड स्वतःच या बुरशीला प्रवेश नाकारतं. हे नीट तपासलं गेलेलं वागणं आहे. त्यात आणखी एक भर आपण नकळत घालतो. इंदूरचं बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणून पीएच सारखा वर चढतो आणि आपण तो फॉस्फोरिक आम्लानं खाली आणतो. म्हणजे पुन्हा फॉस्फरसच. शिवाय मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढू शकत नाही. टाकीतल्या पाण्यात तिची संख्या वाढणं अशक्य आहे. मुळात शिरून स्थिरस्थावर व्हायला तिला तीन-चार आठवडे लागतात, आणि तुमचं लेट्यूस लावणीपासून पाच-सहा आठवड्यांत कापलं जातं. आणि रोपं विकताना लोक लेट्यूसबरोबर केल, पाक चॉय, रॉकेट, पालक असं मिश्रण लावतात. यातली पहिली तिन्ही मोहरीच्या कुळातली, पालक राजगिऱ्याच्या कुळातला. ही कुळं मायकोरायझाला जवळपास थाराच देत नाहीत. तिथे तर पाकिटाचा पैसा सरळ नाल्यात जातो.

ज्यांना तरीही करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता बंद नाही. कोकोपीट-परलाइटच्या कुंड्यांत, फॉस्फरस दहा मिलिग्रॅमच्या आसपास ठेवून, पीएचसाठी नायट्रिक आम्ल वापरून ते जमू शकतं. पण मग मुळं खरोखर वसली का हे तपासायला हवं. कॉस्टिक पोटॅशनं मुळं पारदर्शक करून, शाई आणि व्हिनेगरनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. डोळ्यांना ती दिसत नाही. न तपासता ‘फरक पडला’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आपल्या देशातल्या एका बुरशीचा इथे उल्लेख करायला हवा. अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना राजस्थानच्या थरच्या वाळवंटात सापडलेली, १९९८ साली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या नावानं जगापुढे आलेली आणि आता सेरेंडिपिटा इंडिका म्हणून ओळखली जाणारी. ती मायकोरायझासारखी मुळात राहते, पण मूळ नसतानाही प्रयोगशाळेत वाढते आणि मोहरीच्या कुळातही शिरते. हायड्रोपोनिक्ससाठी तिच्याकडून मला मोठ्या आशा आहेत. भरवशाचं उत्पादन हाती लागलं तर एका चॅनलवर (रोपांच्या एका पाइपावर) जरूर घ्या.

तुमच्या कामाची बुरशी मात्र ट्रायकोडर्मा आहे. माळव्यातला सोयाबीनवाला तिला चांगला ओळखतो, पेरणीआधी बियाण्याला चोळतो. तिला जिवंत मुळाची सक्ती नाही. मुळांच्या पृष्ठभागावर आणि सालीच्या बाहेरच्या एक-दोन थरांत ती वस्ती करते. पीएच साडेपाच ते सहा तिला मानवतो, लेट्यूसलाही तोच हवा असतो. पिथियमशी ती अनेक बाजूंनी लढते. आधी जागा आणि अन्न अडवते. मग त्याच्या तंतूंना वेटोळे घालून ग्लुकनेज, सेल्युलेज यांसारखी विकरं सोडते, ज्यांनी त्याची भित्तिका विरघळते. पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते तिसरं काम. मुळाला तिचा स्पर्श झाला की पूर्ण रोपाची संरक्षणव्यवस्था जागी होते आणि पुढच्या हल्ल्याला ते लवकर उत्तर देतं. हा परिणाम मिळवायचा तर ट्रायकोडर्मा रोगाच्या आधी पोहोचायला हवी. मुळं कुजल्यावर टाकीत ओतलेली ट्रायकोडर्मा कुजलेल्या भागावर वाढते, हिरवीगार दिसते, आणि रोप तरीही मरतं.

त्यामुळे द्यायची जागा म्हणजे रोपवाटिका, तिथला कोकोपीटचा छोटा प्लग. तिथे पाणी वाहत नाही, बीजाणू धुऊन जात नाहीत आणि कोवळं मूळ प्लगमधून बाहेर पडताना बुरशी बरोबर घेऊनच चॅनलमध्ये उतरतं. बी पेरण्याआधी कोकोपीट स्वच्छ पाण्यानं धुऊन, ट्रायकोडर्माच्या पाण्यात भिजवून घ्या. टाल्कमध्ये (शंखजिऱ्याच्या पुडीत) मिसळलेली भुकटी असेल तर लिटरला पाच ग्रॅम पुरेत. मग दोन खरी पानं आली की एकदा, आणि लावणीच्या दोन-तीन दिवस आधी एकदा, संध्याकाळच्या वेळी प्लगच्या बुडाशी हेच पाणी द्या. उन्हातले अतिनील किरण बीजाणू मारतात म्हणून संध्याकाळ म्हणतोय. नळाचं पाणी वापरत असाल तर ते उघड्या बादलीत रात्रभर ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. आणि बियाणं रंगीत लेपाचं असेल तर पाकिटावर पाहा. थायरम लावलेलं असेल तर ते बी आणि ही बुरशी एकमेकांसाठी नाहीत. आणखी एक, जे बुरशीचं नसूनही रोपवाटिका बिघडवतं: लेट्यूसचं बी पंचवीस-तीस अंशांच्या वर झोपी जातं. मार्चनंतर पेरलेले ट्रे पहिले दोन दिवस कुलरच्या खोलीत किंवा घरातल्या सर्वांत गार जागी ठेवा.

टाकीत काही द्यायचंच असेल तर द्रावण बदलल्यावर एक हलकी मात्रा, तीही टाल्कची भुकटी थेट नाही. आपल्याकडे मिळणारी बहुतेक ट्रायकोडर्मा टाल्कमध्ये मिसळलेली असते. ते टाल्क विरघळत नाही. पंपाच्या जाळीत, चॅनलच्या तोंडाशी आणि मुळांच्या केसांत अडकतं. भुकटी बादलीत ढवळून, अर्धा तास निवळू देऊन, वरचं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. द्रवरूप किंवा पाण्यात पूर्ण विरघळणारी मिळाली तर उत्तमच.

आणि तो गूळ. शेतात शेणखतावर ट्रायकोडर्मा वाढवताना गूळ घालतात, तिथे तो बरोबर आहे. तुमच्या टाकीत मात्र त्यानं घात केला. गुळावर पहिल्या बारा तासांत वाढतात ते जिवाणू, आणि तेही हवेतले, पाइपांतले, कुठलेही. ते पाण्यातला होता नव्हता तो प्राणवायू पितात, चिकट थर तयार करतात, आणि त्या थराखाली पिथियम सुरक्षित बसतो. तुम्हाला दिसलेला फेस म्हणजे त्यांचाच कारभार. काकवी, ह्युमिक मिसळलेली गोड टॉनिकं, जीवामृत, यातलं काहीही फिरत्या द्रावणात घालू नका. जीवामृताबद्दल तर मी फार कडक आहे. शेणातले जिवाणू पाण्यातून पानापर्यंत जाऊ शकतात, आणि लेट्यूस कुणी शिजवून खात नाही.

सध्याच्या पिकाचा मोह सोडा. रोगट रोपं प्लगसकट काढून टाका, ती कंपोस्टमध्ये नकोत. चॅनल ब्रशनं घासून चिकट थर पूर्ण काढा, नेट पॉट धुवा, मग घरगुती ब्लीचचं पातळ द्रावण पाव तास फिरवून दोनदा साध्या पाण्यानं खंगाळा. आम्लाची बाटली त्या वेळी दूर ठेवा. हायड्रोपोनिकवाल्यांकडे आम्ल हाताशीच असतं आणि ब्लीचशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. एक पूर्ण दिवस सुकू द्या. त्यानंतर लावलेल्या, ट्रायकोडर्मा घेऊन आलेल्या रोपांना कोऱ्या घरात पहिलं येण्याचा फायदा मिळतो. पुढे मध्येच घाबरून हायड्रोजन पेरॉक्साइड घातलंत तर तुमचीच बुरशी माराल. टाकीवर यूव्हीचा दिवा असेल तर तो पाण्यातले बीजाणू मारतो, मुळांवर बसलेली वस्ती बहुतांशी टिकते; म्हणून दिवा असलेल्यांनी टाकीत मात्रा देण्याचा विचारच करू नये, सारा भर रोपवाटिकेवर ठेवावा.

पाकीट घेताना उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि प्रतिग्रॅम सीएफयूचा (जिवंत, वाढू शकणाऱ्या बीजाणूंचा) आकडा पाहा. टाल्कमधल्या भुकटीला किमान २० लाख असायला हवेत. ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याखाली नोंदवली जाते, त्यामुळे नोंदणी क्रमांक लेबलवर असलाच पाहिजे. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेलं पाकीट मुदतीत असलं तरी मेलेलं असू शकतं. घरी ढोबळ तपासणी अशी होते: उकडलेल्या भाताच्या चार दाण्यांवर चिमूटभर भुकटी टाका, झाकण सैल लावून सावलीत ठेवा. पाच दिवसांत पांढरं जाळं येऊन ते हिरवं झालं तर माल जिवंत आहे. काहीच आलं नाही तर परत करा. काळं आलं तर त्यात भेसळीची बुरशी आहे, डबा न उघडता फेकून द्या. ही तपासणी स्वयंपाकघरात करू नका आणि भुकटी हाताळताना मास्क लावा, घरात दम्याचं कुणी असेल तर विशेष. शेजारच्यानं ज्वारीवर घरी वाढवलेली ‘ट्रायकोडर्मा’ लेट्यूससाठी घेऊ नका; त्यात दुसरं काय वाढलंय ते त्यालाही माहीत नसतं. शंका आली तर कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

फायदा किती होईल? पाणी गार, पाइप स्वच्छ आणि रोगाचं नाव नाही, अशा ठिकाणी ट्रायकोडर्मानं लेट्यूसचं वजन थोडं वाढतं किंवा अजिबात वाढत नाही. रोगाचा दाब असतो तिथे मात्र फरक दिसतो: मुळं पांढरी राहतात, रोपांची गळ कमी होते, कापणी एकसारखी येते. ‘दुप्पट उत्पादन’ लिहिलेलं पाकीट मी उचलतच नाही. स्वतः पडताळायचं असेल तर एका चॅनलला देऊन शेजारच्याला न देणं उपयोगाचं नाही, कारण दोघांचं पाणी एकाच टाकीत येतं आणि बीजाणू तिकडेही पोहोचतात. एक छोटी वेगळी टाकी आणि वेगळा चॅनल लावा, त्याच दिवशीची रोपं दोन्हीकडे घाला, कापणीच्या दिवशी पानं आणि मुळं वेगवेगळी तोला. हे दोन-तीन पिकांत करून पाहा, त्यातला एक तरी फेब्रुवारीनंतरचा असू द्या.

तुमच्यासाठी वेळापत्रक असं बसतं. आता एप्रिल-मे सोडून द्या किंवा त्या चॅनलमध्ये तुळस, पुदिना घ्या, त्यांना ऊन सोसतं. पावसाळ्यात टाकी खाली हलवण्याचं काम उरका. सप्टेंबरच्या मध्यात ट्रायकोडर्मानं भिजवलेल्या प्लगमध्ये पहिलं बी टाका. दसऱ्याच्या सुमाराला लावणी होईल, आणि दिवाळीनंतर कॅफे-हॉटेलांची मागणी वाढते तेव्हा तुमचा माल तयार असेल.

एक राहिलं. गच्चीवर किंवा खालच्या खोलीत धिंगरी अळिंबी घेत असाल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर ट्रायकोडर्माचं पाकीट त्या खोलीत फोडू नका आणि तेच कपडे घालून तिथे जाऊ नका. अळिंबीच्या पिशव्यांवर येणारी हिरवी बुरशी म्हणजे हीच.